जर्मनीतील २०११ची ई. कोलाय साथ: जिवाणूच्या पकडीने रोगाचे रूप कसे बदलले

१९ मे २०११ रोजी रॉबर्ट कॉख संस्थेला, म्हणजे जर्मनीच्या साथरोगांवर नजर ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला, हॅम्बुर्गहून एक सूचना आली. एकाच दिवशी तीन मुले हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, म्हणजे एचयूएस झाल्यामुळे रुग्णालयात दाखल झाली होती. या विकारात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट झपाट्याने कमी होतात आणि मूत्रपिंडे काम थांबवतात. रक्ती जुलाबानंतर काही दिवसांत तो उद्भवतो आणि त्यामागे बहुतेक वेळा ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा शिगा नावाचे विष तयार करणारा प्रकार असतो. एरवी जर्मनीत वर्षभरात असे साठ-सत्तर बालरुग्ण नोंदले जात. तीन एकाच दिवशी, एकाच शहरात, हे विलक्षण होते. दुसऱ्याच दिवशी संस्थेचे पथक हॅम्बुर्गला पोहोचले आणि लवकरच लक्षात आले की मोठी माणसेही याच विकाराने दाखल होत आहेत, आणि मुलांपेक्षा जास्त संख्येने.

२६ जुलैला साथ संपल्याचे जाहीर झाले. संस्थेच्या अंतिम हिशेबात एचयूएसचे ८५५ रुग्ण होते, एचयूएसपर्यंत न गेलेले जुलाबाचे २,९८७, आणि मृत्यू ५३. एचयूएसच्या रुग्णांत सुमारे नव्वद टक्के प्रौढ होते, आणि दोन-तृतीयांशांहून जास्त स्त्रिया.

या साथीची आठवण काढताना काकड्यांचा गोंधळ आणि विषाचा जहालपणा या दोनच गोष्टी पुढे येतात. माझ्या मते प्रकरणाचा गाभा तिसऱ्याच ठिकाणी आहे. विष जुनेच होते. जिवाणू आतड्याला ज्या रीतीने चिकटला ती रीत मात्र या विषाच्या जोडीला क्वचितच दिसलेली होती, आणि तपासणीच्या पद्धती दुसऱ्याच रीतीवर बेतलेल्या होत्या.

ओळखीचा शत्रू कसा चिकटतो

शिगा विषाचा ई. कोलाय म्हटला की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येतो तो ओ१५७:एच७. (ओ आणि एच हे जिवाणूच्या अंगावरच्या खुणांवरून पाडलेले गट.) त्याचे मूळ वसतिस्थान गुरांचे आतडे. माणसाच्या मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तो जे करतो ते जीवशास्त्रातल्या सर्वात चकित करणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे असे मला वाटते.

जिवाणूचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि आपल्या पेशींचाही. त्यामुळे दोघे जवळ आले तरी एकमेकांना दूर लोटतात. त्यातच आतड्यावरून श्लेष्म आणि अन्नरस सतत पुढे सरकत असतो. ज्याला राहायचे आहे त्याला काहीतरी धरावेच लागते, नाहीतर तो वाहून जातो. बहुतेक जिवाणू पेशीच्या पृष्ठभागावर आधीच असलेले एखादे प्रथिन किंवा साखरेची साखळी शोधून ती पकडतात. ओ१५७ आपली पकड स्वतः घेऊन येतो. सुईसारख्या एका नळीतून तो टिर नावाचे प्रथिन आतड्याच्या पेशीत सोडतो. ते प्रथिन पेशीच्या पटलात जाऊन बसते आणि त्याचा मधला भाग बाहेर डोकावतो. जिवाणूच्या अंगावरचे इंटिमिन हे प्रथिन त्या बाहेर आलेल्या भागाला जखडते. म्हणजे पेशी जे धरायला देते ते मुळात जिवाणूनेच तिच्यात रोवलेले असते. पटलाच्या आतल्या बाजूला टिरमुळे पेशीला आकार देणारे ॲक्टिनचे तंतू गोळा होतात, पेशीवरची सूक्ष्म बोटे झडून सपाट होतात आणि जिवाणूखाली एक उंचवटा उभा राहतो. त्यावर तो घट्ट बसून राहतो. टिर पेशीत शिरते आणि तेच इंटिमिनला धरते, हे ओ१५७च्या नात्यातल्या, लहान मुलांत जुलाब घडवणाऱ्या ई. कोलायमध्ये १९९७ साली दाखवले गेले.

इंटिमिनच्या जनुकाला ईएई म्हणतात. शिगा विषाच्या जनुकाबरोबर ईएई सापडले तर जिवाणू धोकादायक, आणि न सापडले तर बहुधा कमी धोक्याचा, असा हिशेब अनेक ठिकाणी रूढ झाला होता. त्याला आधारही होता, कारण गंभीर रुग्णांकडून मिळालेल्या बहुतेक जातींत ईएई असेच.

हॅम्बुर्गचा जिवाणू

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात म्युन्स्टर विद्यापीठात हेल्गे कार्श यांच्या प्रयोगशाळेने रुग्णांच्या नमुन्यांतला जिवाणू ओळखला. तो ओ१०४:एच४ निघाला. शिगा विषाचे एसटीएक्स२ जनुक होते, पण ईएई नव्हते. टिरही नव्हते, ती नळीही नव्हती. इंटिमिनच्या पकडीसाठी लागणारा जनुकांचा अख्खा गठ्ठाच या जिवाणूत नव्हता.

आणखी एक अडचण. ओ१५७ शोधताना प्रयोगशाळा सॉर्बिटॉल हा साखरेसारखा पदार्थ घातलेल्या माध्यमाचा आधार घेतात. बहुतेक ई. कोलाय सॉर्बिटॉल वापरतात, ओ१५७ वापरत नाही, म्हणून त्याच्या फिक्या वसाहती उठून दिसतात. ओ१०४:एच४ सॉर्बिटॉल वापरतो. त्या ताटलीवर तो आतड्यात नेहमी राहणाऱ्या निरुपद्रवी ई. कोलायसारखाच दिसतो. मदत झाली ती त्याच्या दुसऱ्या एका गुणाची. त्याच्याजवळ सीटीएक्स-एम-१५ हे प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारे विकर होते, त्यामुळे प्रतिजैविक घातलेल्या माध्यमावर तो वेगळा काढता आला.

जूनच्या सुरुवातीला जनुकसंच वाचून झाला आणि चिनी व जर्मन संशोधकांनी तो लगेच सर्वांसाठी खुला केला. निरनिराळ्या देशांतले लोक काही दिवसांतच त्यावर काम करू लागले. साथ चालू असताना जिवाणूचा जनुकसंच असा उघडपणे सामुदायिकरीत्या वाचला जाणे त्या काळी नवे होते, आणि आजही मला त्या आठवड्यांचे फार मोल वाटते. त्यातून निघालेले उत्तर असे: हा जिवाणू मुळात एन्टेरोॲग्रिगेटिव्ह, म्हणजे आतड्यात एकमेकांना धरून गोळे करणारा, ई. कोलाय आहे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात मिळालेल्या ५५९८९ या जातीशी त्याचे जवळचे नाते आहे. त्यात शिगा विषाचे जनुक वाहून नेणारा एक विषाणू येऊन बसला आहे. अशी जोडी अगदीच पहिली नव्हती. जर्मनीतच २००१ मध्ये एचयूएसच्या एका रुग्णाकडून ओ१०४:एच४ मिळाला होता आणि तो कार्श यांच्या संग्रहात होता.

विटा रचल्यासारखी पकड

एन्टेरोॲग्रिगेटिव्ह ई. कोलाय ओळखण्याची जुनी आणि अजूनही सर्वात बोलकी चाचणी सूक्ष्मदर्शकाखालची आहे. काचेवर हेप-२ नावाच्या मानवी पेशींचा थर वाढवतात, त्यावर जिवाणू सोडतात, सुमारे तीन तासांनी न चिकटलेले धुऊन काढतात, गीम्झा रंग देतात आणि पाहतात. बरेचसे ई. कोलाय या काचेवरून धुतले जातात. काही जाती पेशीवर इथे-तिथे घट्ट पुंजके करतात, काही विखरून बसतात. एन्टेरोॲग्रिगेटिव्ह जातीचे दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही. जिवाणू एकमेकांना कुशीला लागून, विटा रचल्यासारखे, थरावर थर बसलेले असतात. ते पेशींवर असतात आणि दोन पेशींमधल्या मोकळ्या काचेवरही असतात. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. जो जिवाणू मोकळ्या काचेलाही धरतो त्याची पकड एखाद्या नेमक्या साखरेवर अवलंबून असणे शक्य नाही. १९८७ मध्ये या नमुन्यावरूनच हा गट वेगळा मानला गेला.

पकडीचे साधन आहेत बारीक तंतू, ज्यांना पहिल्या प्रकारचे ॲग्रिगेटिव्ह तंतू म्हणतात आणि ज्यांचे संक्षिप्त नाव एएएफ-१ आहे. त्यांची जनुके जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रात नसून पीएए या प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या कड्यावर असतात. तंतूची कांडी ॲगए या प्रथिनाच्या असंख्य प्रतींनी बनते. या प्रती बाहेरच्या पटलातल्या एका छिद्रातून एकामागून एक बाहेर पडत जुळत जातात. छिद्रापर्यंत त्यांना एक सोबती प्रथिन सांभाळून नेते, कारण एकटी प्रत अस्थिर असते. प्रत्येक प्रतीत एक पट्टी कमी असते आणि ती उणीव शेजारची प्रत आपले टोक खुपसून भरते. म्हणून साखळी सहजी तुटत नाही.

मूत्रमार्गाच्या संसर्गातला ई. कोलाय अशाच घडणीच्या तंतूच्या टोकाशी एक खोबण ठेवतो, तिच्यात मॅनोज ही साखर नेमकी बसते. ॲग्रिगेटिव्ह तंतूंत तशी खोबण नाही. २०१४ मध्ये त्यांची रचना उलगडली तेव्हा दिसले की त्यांच्या पृष्ठभागावर धनभारित अमिनो आम्लांचे पट्टे आहेत आणि पेशींभोवतीच्या जाळीतले फायब्रोनेक्टिन हे प्रथिन ते याच भाराच्या जोरावर धरतात.

इथे एक पेच तयार होतो. तंतू धनभारित आणि जिवाणूचे स्वतःचे अंग ऋणभारित, मग तंतू स्वतःच्याच अंगाला चिकटून आडवे का पडत नाहीत? त्यासाठी या जिवाणूजवळ डिस्पर्सिन नावाचे छोटे प्रथिन आहे. ते बाहेर सोडले जाते आणि जिवाणूच्या पृष्ठभागावर पसरून त्याचा ऋणभार झाकते, त्यामुळे तंतू ताठ बाहेर राहतात. डिस्पर्सिन काढून टाकलेला जिवाणू पाहिला तर तंतू अंगावर कोसळलेले दिसतात आणि गोळे अधिक घट्ट होतात. तंतू आणि डिस्पर्सिन दोन्ही एकाच नियंत्रकाच्या, एजीजीआरच्या, ताब्यात आहेत. मला ही जुळणी फार सुंदर वाटते, तिने केलेली हानी लक्षात ठेवूनही.

आतड्यात या सगळ्याचा परिणाम म्हणजे श्लेष्म आणि जिवाणू यांचा मिळून एक जाड थर. हा जिवाणू पिक नावाचे विकरही सोडतो, जे श्लेष्मातली प्रथिने तोडते आणि त्याच वेळी पेशींना आणखी श्लेष्म सोडायला भाग पाडते. ओ१५७ एकेका जिवाणूनिशी पेशीवर बसतो, तर हा एकमेकांना धरून वस्ती करतो.

पकडीपासून मूत्रपिंडापर्यंत

या आजारात जिवाणू सहसा रक्तात जात नाही. तो आतड्यातच राहतो आणि विष पलीकडे जाते. शिगा विषाचेही दोन भाग असतात आणि त्यातल्या एकाचे काम चिकटण्याचेच आहे. बी हा भाग पाच सारख्या तुकड्यांचा असतो आणि तो जीबी३ या मेदयुक्त साखरेला धरतो. मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीबी३ विपुल असते. धरल्यानंतर पेशी विष आत घेते आणि ए हा भाग रायबोसोममधल्या आरएनएतून एक ॲडेनिन काढून टाकतो. प्रथिने बनणे थांबते, अस्तर सुजते आणि सोलवटते, तिथे बारीक गुठळ्या होतात, आणि त्यांतून जाताना तांबड्या पेशी फाटतात. एचयूएसची तिन्ही लक्षणे इथूनच निघतात.

म्हणजे रुग्णाचे भवितव्य दोन ठिकाणच्या चिकटण्यावर ठरते: जिवाणू आतड्याला किती आणि किती काळ चिकटून राहतो, आणि विष मूत्रपिंडात काय धरते. दुसरी पायरी ओ१५७ आणि ओ१०४ या दोघांत सारखीच आहे. फरक पहिलीत आहे.

आकडे पाहा. या साथीत नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे २२ टक्के एचयूएसपर्यंत गेले. ओ१५७च्या संसर्गात हे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के धरतात. साथीत सौम्य रुग्णांची नोंद कमी होते, त्यामुळे २२चा आकडा थोडा फुगलेला असणार हे मी मानतो, पण फरक तेवढ्याने पुसला जात नाही. लागण झाल्यापासून जुलाब सुरू होईपर्यंत साधारण आठ दिवस जात, ओ१५७मध्ये तीन-चार. जिवाणूला आधी वस्ती करावी लागते याच्याशी हे जुळते.

चिकटण्याचा आणि एचयूएसचा संबंध सर्वात थेट दाखवणारा पुरावा रुग्णांच्याच नमुन्यांतून आला. म्युन्स्टरच्या गटाने १७० रुग्णांचे जिवाणू तपासले, त्यांपैकी १२८ जणांना एचयूएस झाला होता आणि ४२ जणांना नाही. बारा जणांच्या जिवाणूत पीएए प्लाझ्मिड नव्हते. काही रुग्णांचे ओळीने घेतलेले शौचाचे नमुने पाहिल्यावर कळले की आजाराच्या काही दिवसांतच जिवाणू हे प्लाझ्मिड गमावत जातात. ज्यांनी गमावले त्यांची विटांसारखी रचनाही गेली, आणि असे जिवाणू मिळालेल्या रुग्णांत एचयूएस लक्षणीयरीत्या कमी होता. विषाचे जनुक दोन्हींत तेच. प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींचा थर वाढवून केलेल्या कामातही पीएए असलेल्या जिवाणूंमुळे विष थरापलीकडे जास्त गेले.

याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे आणि तो बाजूला सारणे मला पटत नाही. सशाच्या पिल्लांमध्ये हा जिवाणू घालून पाहिल्यावर पीएए काढून टाकूनही तो आतड्यात टिकला आणि जुलाबही झाले. तिथे कळीची ठरली ती पिकसारखी बाहेर सोडली जाणारी विकरे. ससा माणूस नव्हे, आणि माणसाच्या आतड्यातली पकड सशात जशीच्या तशी उतरेल असे नाही. तरी त्या प्रयोगामुळे ‘सगळे तंतूंनीच केले’ असे म्हणता येत नाही. माझा निष्कर्ष एवढाच: रुग्णांच्या नमुन्यांना मी जास्त वजन देतो, आणि पकड या शब्दात तंतूंच्या जोडीने श्लेष्माशी चाललेला सगळा व्यवहार धरतो.

जिवाणू आला कुठून

२६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने स्पेनहून आलेल्या काकड्यांकडे बोट दाखवले. काकड्यांवर शिगा विषाचा ई. कोलाय सापडला होता हे खरे, पण तो साथीतला नव्हता, आणि हे काही दिवसांतच स्पष्ट झाले. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचे पीक शेतात सडत होते. शेवटी युरोपीय संघाने भाजी उत्पादकांसाठी २१ कोटी युरोंची भरपाई मंजूर केली.

खरा दुवा मिळाला तो चिकाटीच्या, साध्या चौकशीतून. सुरुवातीला रुग्णांना काय खाल्ले ते विचारले जाई, आणि मोड आलेले दाणे खाल्ल्याचे चौघांपैकी जेमतेम एकाला आठवे. सॅलडवर चिमूटभर घातलेली गोष्ट कोण लक्षात ठेवणार? मग रॉबर्ट कॉख संस्थेने प्रश्न बदलला. एका उपाहारगृहात जेवलेल्या गटांतल्या लोकांनी काय मागवले ते त्यांनी बिलांवरून आणि पाहुण्यांनी काढलेल्या छायाचित्रांवरून ठरवले, आणि त्या पदार्थात काय काय, किती घातले जाते ते स्वयंपाक्यांना विचारले. ज्यांच्या ताटात मोड होते त्यांना आजार होण्याची शक्यता इतरांच्या चौदा पटींहून जास्त निघाली. १० जूनला मोड हेच कारण म्हणून जाहीर झाले. ते लोअर सॅक्सनी राज्यातल्या एका शेतावर तयार होत होते. पुढे फ्रान्समध्ये बोर्दोजवळ एक छोटा उद्रेक झाला, आणि दोन्हींचा समान धागा शोधताना इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांची एक खेप सर्वात संभाव्य मूळ ठरली. दाण्यांवर प्रत्यक्ष जिवाणू कधीच सापडला नाही. मोड आणताना ऊब आणि ओलावा मिळाला की दाण्यावरचे मोजके जिवाणूही भराभर वाढतात, म्हणून दाण्यांच्या तपासणीत हाती काही न लागणे अनपेक्षित नव्हते.

गुरांशी नाते नसल्यामुळेही शोध अवघड झाला. ओ१५७ असता तर मांस आणि दूध यांच्या वाटेने जाता आले असते. एन्टेरोॲग्रिगेटिव्ह ई. कोलायचे घर माणसाचे आतडे आहे, म्हणजे मूळ शोधायचे ते कुठल्यातरी माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यात किंवा हातांत.

उपचारातला एक अनपेक्षित धडा

शिगा विषाच्या ई. कोलायमध्ये प्रतिजैविके टाळतात, कारण काही प्रतिजैविकांमुळे जिवाणूतला विषाणू जागा होतो आणि विष आणखी बाहेर पडते. रुग्णांना सलाइन, रक्त, डायलिसिस असा आधार देत विषाचा भर ओसरण्याची वाट पाहावी लागते. ल्युबेक शहरात काही रुग्णांना एक्युलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीचा एक भाग रोखणारे औषध दिले गेले. त्या औषधामुळे मेनिन्गोकॉकस या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जिवाणूच्या संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून सोबत ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक द्यावे लागले. नंतर ६५ रुग्णांची तपासणी केली तेव्हा ॲझिथ्रोमायसिन मिळालेल्या २२ जणांपैकी एकाच्याच शौचात २८ दिवसांनंतरही जिवाणू होता. न मिळालेल्या ४३ जणांपैकी तब्बल ३५ जणांत होता. बरे वाटू लागल्यावरही महिनाभर जिवाणू बाळगणारी ही माणसे घरी, कामावर, स्वयंपाकघरात परतणार होती. ॲझिथ्रोमायसिन या साथीच्या जातीपुरते तपासले गेले आहे, ओ१५७ला तोच हिशेब लावू नये.

चाचणीत काय बदलले

२०१३ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिगा विषाच्या ई. कोलायचा धोका ठरवण्याविषयी आपले मत मांडले. निव्वळ ओ-गटावरून किंवा ईएई नसल्यावरून जिवाणू निर्धोक मानता येणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. विषाच्या जनुकाबरोबर ईएई असेल तर धोका जास्त, आणि ईएई नसले तरी एन्टेरोॲग्रिगेटिव्ह पकडीची खूण असलेली एजीजीआर आणि एएआयसी ही जनुके असतील तरीही धोका जास्त धरायचा. त्याच वर्षी युरोपीय संघात मोडांसाठी आणि मोड आणण्याच्या बियांसाठी वेगळे नियम लागू झाले. बियांची प्रत्येक खेप कुठून आली याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले आणि मोडांत शोधायच्या जिवाणूंच्या यादीत ओ१०४:एच४ नावानिशी आला.